चांगला उपदेश कशाला म्हणायचं?

सलाम.

तुमचं पत्र आणि त्यासोबतचा उपदेश, दोन्ही शांतपणे वाचलं. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतून बाहेर पडून दीड वर्ष झालं, तालुक्याच्या गावातल्या चर्चची साठ-सत्तर घरांची मंडळी मिळाली, दर शनिवारी रात्री एक-दीडपर्यंत जागून तयारी करता, आणि तरी दहाव्या मिनिटाला मागच्या बाकांवर माना खाली जातात, मोबाइलचा उजेड चेहऱ्यांवर दिसायला लागतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीतले एक वडील तुम्हाला म्हणाले, "साहेब, अभ्यास दांडगा आहे, पण पोटात उतरत नाही." तुम्ही विचारलंय की चांगला उपदेश नक्की कशाला म्हणायचं आणि तो शिकता येतो का.

येतो. नगर आणि जालना भागातल्या मंडळ्यांत मी चौतीस वर्षं पाळक म्हणून काम केलं. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. उपदेश बिघडतो तो ऐकण्यात. एक तर उताऱ्याचं नीट ऐकलेलं नसतं, नाहीतर समोर बसणाऱ्या माणसांचं. आवाज, हातवारे, मुद्द्यांची मांडणी या गोष्टी सुधारता येतात आणि सुधाराव्यातही. पण ही दोन ऐकणी झाली नसतील तर त्यांचा उपयोग होत नाही.

मला हे कसं कळलं ते सांगतो. मत्तय २० मधला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, तासभर राबलेल्यालाही मालक पूर्ण दिवसाची मजुरी देतो तो, मी तोवर सात-आठ वेळा तरी सांगितला असेल. माझा साचा ठरलेला होता: देव तास मोजून मजुरी देत नाही, तो कृपाळू आहे, म्हणून उशिरा आलेल्यांचा हेवा करू नका. त्यात चूक काही नव्हती. एका शनिवारी संध्याकाळी मी एका बाईंच्या घरी गेलो होतो. वयानं माझ्या आईएवढ्या. आधी गावात खुरपणीला, मग शहरात बिगारी कामाला, असा सगळा जन्म गेलेला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून रविवारचा पाठ आदल्या दिवशी कुणीतरी वाचून दाखवावा असं त्यांना वाटे. मी वाचत होतो. मालक संध्याकाळी पाच वाजता अड्ड्यावर येतो आणि उरलेल्यांना विचारतो, तुम्ही सारा दिवस इथं रिकामे का उभे राहिलात? तिथं बाईंनी मला थांबवलं.

"रिकामे नव्हते उभे, साहेब. त्यांना कुणी घेतलं नव्हतं."

मी म्हटलं, हो, पुढच्या ओळीत ते हेच म्हणतात. मग त्या सांगायला लागल्या. सकाळी नाक्यावर ट्रॅक्टर येतो. मुकादम आधी तरणी पोरं उचलतो. मग जोडपी. नऊ वाजेपर्यंत जे उरतात त्यात एखादा म्हातारा असतो, एखादा पाय ओढणारा, एखादी कडेवर लेकरू घेतलेली बाई. त्यांना घरी जाता येत नाही. डब्यात पीठ नसतं. कुठं स्लॅब पडायचा राहिला असेल तर दुपारनंतर हाक येईल, म्हणून उन्हात उभं राहायचं. "पाचला ज्याला घेतला ना साहेब, त्याचा दिवस सगळ्यांत लांब होता."

त्या रात्री मी लिहिलेला उपदेश बाजूला ठेवला. दीनार म्हणजे एका माणसाची दिवसाची रोजंदारी, हे मला टीकाग्रंथातून, म्हणजे शास्त्राचा अर्थ उलगडणाऱ्या पुस्तकातून, माहीत होतं. पण बारा तासांच्या दिवसात एक तास काम केलेल्याला हिशेबानं दीनाराचा बारावा हिस्सा मिळाला असता, आणि त्यात त्याच्या घरी त्या रात्री चूल पेटली नसती, हे मी कधी धरलंच नव्हतं. मालक विचार करतो तो घरातल्या भाकरीचा. दुसऱ्या दिवशी मी फक्त एवढंच सांगितलं: ज्यांना दिवसभर कुणी घेतलं नाही त्यांच्यासाठी देव पाच वाजताही अड्ड्यावर येतो, आणि पूर्ण दिवसाची भाकरी देतो. मागच्या बाकांवरची रोजंदारीवाली माणसं त्या दिवशी मान वर करून ऐकत होती. उपासना संपल्यावर त्यातला एक जण दाराशी माझा हात धरून नुसता उभा राहिला, बोलला काही नाही.

आता उताऱ्याचं ऐकणं म्हणजे काय ते. जुन्या करारातल्या नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री पाणीवेशीसमोरच्या चौकात लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी, म्हणजे मंदिरातले सेवक, जमलेल्या लोकांना अर्थ फोडून सांगतात. वाचलं, अर्थ सांगितला, लोकांना समजलं, लोक रडले. क्रम पाहा, आधी वाचणं आहे. आपल्याकडे शास्त्रपाठ कसा वाचतात? ज्याला ऐनवेळी सांगितलंय तो उठतो, अडखळत वाचतो, नावांवर ठेचकाळतो आणि बसतो. मग पाळक पाऊण तास त्या न ऐकलेल्या उताऱ्यावर बोलतो. तुम्हाला एकच गोष्ट लगेच बदलता येईल ती ही. पाठ वाचणाऱ्याला गुरुवारी सांगा, शनिवारी त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. चांगल्या वाचलेल्या उताऱ्यानं अर्धा उपदेश झालेला असतो.

तुम्हीही सोमवारी उतारा मोठ्यानं वाचा. टीकाग्रंथ उघडू नका, यूट्यूब तर मुळीच नाही. रोज दोन-तीनदा, बुधवारपर्यंत. शेजारी दुसरी मराठी भाषांतरं ठेवा. आपल्याला वाटतं मराठी पवित्र शास्त्र एकच आहे, पण बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम केरी या मिशनऱ्याचा मराठी नवा करार १८११ मध्ये आला तेव्हापासून कितीतरी हात या भाषेवर फिरलेत. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून इब्री आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर त्यांचं ते काम चालू होतं, छापून आलं १९२४ मध्ये. त्यांच्या मुक्ती आश्रमात राहणाऱ्या साध्या बायकांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आहे, तेही घरात ठेवा, आपण प्रोटेस्टंट असलो तरी. एकच ओळ तीन जणांनी तीन तऱ्हांनी लिहिलेली दिसली की आपण थबकतो, आणि जिथं थबकतो तिथं बहुतेक वेळा उपदेश सापडतो.

तुम्ही पाठवलेल्या, लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरच्या उपदेशाबद्दल मोकळेपणानं लिहितो, कारण तुम्ही तसं मागितलंय. त्यात मला सहा उपदेश सापडले. उधळ्या पुत्राचा पश्चात्ताप, यहुदी वारसाहक्क, डुकरांचा विटाळ, रेम्ब्रांटचं चित्र, बापाचं धावणं आणि शेवटी तरुणांमधलं व्यसन. प्रत्येक खरा आहे, प्रत्येकावर एक रविवार देता येईल. पण बाकावरच्या माणसाच्या हातात एका वेळी एकच गोष्ट मावते. मी गुरुवारी एक वाक्य लिहायचो. "या उताऱ्यात देव काय करतो" याचं उत्तर, एका वाक्यात, बोलीभाषेत, 'आणि' न घालता. ते वाक्य जमलं नाही तर पुढं लिहायला बसायचो नाही. काही वेळा ते शुक्रवारी रात्री जमलं. त्या वाक्याला जे धरून नाही ते सगळं, कितीही आवडीचं असलं तरी, कापायचं. रेम्ब्रांट कापताना तुम्हाला वाईट वाटेल. कापा.

त्या दाखल्यात तुमच्याकडून काय राहिलं ते सांगतो, कारण आपल्या लोकांसाठी ते फार जवळचं आहे. दाखला सुरू होतो वाटणीनं. बाप धडधाकट असताना धाकटा वाटणी मागतो. आपल्या गावांत याचा अर्थ काय होतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चावडीवर बोलणं होतं, सातबाऱ्यावर नावं चढतात, आई दोन्ही चुलींच्या मध्ये बसून राहते. आणि लूक लिहितो की बापानं मालमत्ता त्यांच्यात वाटून दिली. त्यांच्यात, म्हणजे दोघांत. धाकट्यानं आपला वाटा फुंकून टाकला. म्हणजे मागं जे उरलं, ते शेत, ते गडी, ते गोठ्यातलं पोसलेलं वासरू, ते सगळं आता थोरल्याच्या वाट्याचं आहे. धाकटा परत आल्यावर जे वासरू कापलं ते थोरल्याच्या हिश्श्यातलं. तो उंबऱ्याबाहेर का उभा राहिला हे आता कळतं का? त्याचा राग नुसता मत्सर नाही, त्याला हिशेब आहे. तुमच्या मंडळीत रविवारी येणारी बहुतेक माणसं या थोरल्यासारखी आहेत. ती कधी घर सोडून गेली नाहीत, वर्गणी भरत आली, छताला पत्रे टाकले, आणि थोरला म्हणतो तसा, बापानं कधीच न दिलेल्या करडाचा हिशेब मनात ठेवून आहेत. त्यांच्यापुढे दर वेळी धाकट्याचीच गोष्ट सांगितली तर ती ऐकून घेतात आणि आपल्या व्यसनी पुतण्याकडे बघतात. पण बाप त्या रात्री दोनदा घराबाहेर येतो. एकदा धाकट्यासाठी धावत, एकदा थोरल्याची समजूत घालायला. येशू गोष्ट तिथंच थांबवतो, थोरला आत गेला की नाही ते सांगत नाही. तुम्हीही तिथं थांबा. पुढची प्रार्थना लगेच सुरू करू नका, अर्धा मिनिट शांतता राहू द्या.

'धाकटा शुद्धीवर आला' असं आपण वाचतो. पश्चात्ताप हा शब्द आपण इतका वापरला की त्याचा अर्थ नुसतं वाईट वाटणं एवढाच उरला. इब्री शब्दाचा साधा अर्थ मागं फिरणं असा आहे. वाट चुकलेला माणूस मागं फिरतो तसं. 'शुद्धीवर येणं' आणि 'मागं फिरणं' हे दोन शब्द तुमच्या मंडळीतल्या प्रत्येकाच्या तोंडात आहेत. तुम्ही मात्र त्या उपदेशात 'मेटानोइया', हा पश्चात्तापाचा ग्रीक शब्द, चार वेळा म्हणालात. ग्रीक शिका, जरूर शिका, पण तिला पायाच्या दगडासारखं जमिनीखाली राहू द्या.

आपल्या ख्रिस्ती मराठीचा हा प्रश्न मोठा आहे. तारण, नीतिमान ठरणं, समेट, प्रायश्चित्त हे शब्द आपण लहानपणापासून ऐकल्यामुळे समजले असं आपल्याला वाटतं. 'अनुग्रह' म्हटलं की शेजारच्या वारकरी घरात गुरूकडून घेतलेला अनुग्रह आठवतो, आणि आपल्या घरी आलेल्या त्यांच्या सुनेला काहीतरी निराळंच समजतं. शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही, ते आपल्या पूर्वजांनी कष्टानं घडवलेत. पण प्रत्येक उपदेशात अशा एका शब्दाला घरच्या भाषेत आणा. उलट कधी कधी शास्त्रातलाच शब्द आपल्या मातीतला निघतो. जुन्या करारातली विधवा रूथ शेतात सरवा वेचते, म्हणजे कापणीनंतर मागं राहिलेली कणसं. आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायकांनी बाजरीचा, भुईमुगाचा सरवा वेचलेला होता. कुणाच्या बांधावर मालक हाकलत असे, कुणाच्या बांधावर मुद्दाम चार कणसं मागं सोडत, हे त्यांच्या पाठीला माहीत होतं. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही मुद्दाम तिच्यासाठी टाकत जा, तेव्हा त्या बायकांना मी वेगळं काही समजवायची गरजच पडली नाही. पुण्या-मुंबईत वाढलेल्या त्यांच्या नातवंडांना मात्र सरवा म्हणजे काय तेही सांगावं लागलं. तुमच्यासमोर एकाच बाकावर दोघंही बसतात, हे लक्षात ठेवून लिहा.

आणि तिथं कोण बसलंय हेही. आपल्या भागातल्या पुष्कळ मंडळ्यांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरून आले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांगितलं गेलं होतं की तुमच्यात मुळातच काहीतरी खोट आहे. त्यांच्या नातवंडांना दर रविवारी पुन्हा फक्त "आपण पापी आहोत" एवढंच ऐकवायचं, हे माझ्या मते शुभवर्तमान नाही. पापाबद्दल बोलायचं, जरूर बोलायचं, पण नासरेथच्या सभास्थानात येशूनं यशयाचं पुस्तक उघडून पहिलं काय वाचलं ते आधी पाहा: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, ठेचलेल्यांना मोकळीक.

यावरून एक कसोटी देतो. उपदेश लिहून झाला की लाल पेन घ्या आणि 'पाहिजे' या शब्दाभोवती गोल करा. आपण प्रार्थना केली पाहिजे, प्रीती केली पाहिजे, दशांश दिला पाहिजे, मोबाइल कमी वापरला पाहिजे. तुमच्या उपदेशात मी ते मोजले, एकतीस आहेत. देव ज्या वाक्याचा कर्ता आहे अशी वाक्यं सात. मंडळी थकून घरी का जाते ते त्या दोन आकड्यांत आहे. माणसं सहा दिवस 'पाहिजे' ऐकून आलेली असतात, मुकादमाकडून, सासूकडून, बँकेच्या वसुलीवाल्याकडून. सातव्या दिवशी देवानं काय केलं, काय करतोय हे त्यांना ऐकू द्या. ते पुरेसं सांगितलंत की मग एक 'पाहिजे' पुरतं, आणि ते माणसं मनावर घेतात.

कीर्तन ऐकता का? नसाल तर ऐका, गावात कीर्तन असलं की मागं जाऊन बसा. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एका अभंगाचं निरूपण, मध्ये भजन, मग उत्तररंगात आख्यान. कीर्तनकार विचार मांडतो, थांबतो, लोकांना गायला लावतो, आणि मग तोच विचार गोष्टीत चालताना दाखवतो. दोन-अडीच तास माणसं जमिनीवर बसून ऐकतात, ती या घडणीमुळे. आपल्या लोकांना हे परकं नाही. नगरला कृष्णाराव रत्नाजी सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, आणि त्यांची भजनं आजही तुमच्या उपासनेत आहेत. त्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विट मिशनऱ्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत घातली, दहा हजारांहून जास्त ओव्या. परदेशातून आलेल्या माणसाला जर कळलं की इथल्या लोकांचा कान ओवीला लागलेला आहे, तर आपण मराठी माणसांनी अमेरिकन प्रचारकांचे व्हिडिओ पाहून त्यांच्यासारखं मंचावर येरझाऱ्या घालत "कॅन आय गेट ॲन आमेन" म्हणावं याचं मला खरंच दुःख होतं. मधल्या भजनाचा प्रयोग करून पाहा. उपदेशाच्या अर्ध्यात थांबा, एक कडवं सगळ्यांनी गायचं, मग पुढे. मी शेवटची दहा वर्षं महिन्यातून एकदा हे करत होतो. तबला-पेटीवाल्यांना आधी सांगून ठेवा.

किती वेळ बोलायचं, असं तुम्ही विचारलंय. पोप फ्रान्सिस २०२४ च्या जूनमध्ये म्हणाले की प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये, लोकांना झोप लागते. कॅथलिक मिस्सेत ते बरोबर आहे, तिथं सगळ्याचा रोख वेदीकडे असतो. आपल्याकडे दूरच्या वस्तीवरून दोन बस बदलून आलेला माणूस आठ मिनिटांत घरी पाठवला तर त्यालाच चुकल्यासारखं वाटेल. अठरा ते वीस मिनिटं ठेवा. माझ्या बोलण्याच्या गतीनं ते साधारण दोन हजार शब्द होत. त्रोवस गावात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, हे लूकनं लपवलेलं नाही. आणि योना संदेष्ट्यानं निनवे शहरात जो उपदेश केला तो इब्रीत पाच शब्दांचा आहे, अख्खं शहर गोणपाट नेसलं.

गोष्टी आणि दृष्टान्त यांबद्दल एक विनंती आहे. रेल्वेच्या पुलाचा राखणदार, गाडी वाचवण्यासाठी आपल्या मुलाचा बळी देणारा, ही गोष्ट 'खरी घडलेली' म्हणून तुम्हीही सांगितली आहे. ती खरी घडलेली नाही. आणि खोटी नसती तरी ती चुकीची आहे, कारण तिच्यात मुलाला काही माहीतच नसतं. येशू जाणूनबुजून, स्वतःहून वधस्तंभाकडे चालत गेला. व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही व्यासपीठावर नेऊ नका. समोर दहावीची मुलं बसलेली असतात, ती प्रार्थना संपायच्या आत शोधून काढतात, आणि मग पुनरुत्थानही त्यांना त्याच रांगेतलं वाटतं. त्याऐवजी घरभेटीत जे दिसतं ते वहीत लिहून ठेवा. मात्र कुणाची गोष्ट सांगायची तर आधी त्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर विषय संपला. त्या बिगारी कामाच्या बाईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, नाव घेऊ नका, बाकी सांगा.

माझ्या दोन चुका लिहितो, त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून. एका मंडळीत जमिनीच्या व्यवहारावरून कमिटीत दोन तट पडले होते. मी एका बाजूचा होतो आणि माझी बाजू खरी होती असं मला आजही वाटतं. त्या रविवारी मी धार्मिकतेचा गर्व असलेला परूशी आणि पापी जकातदार यांचा पाठ घेतला आणि परूशाचं वर्णन असं केलं की तिसऱ्या बाकावरच्या गृहस्थांकडे सगळ्यांच्या माना वळाव्यात. वळल्या. ते गृहस्थ चार वर्षं चर्चमध्ये आले नाहीत. व्यासपीठावरच्या माणसाला कुणी मध्येच उत्तर देऊ शकत नाही. म्हणूनच तिथून कुणावर नेम धरणं हा अन्याय आहे. नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला त्याचं पाप दाखवायला गोष्ट सांगितली ती समोरासमोर, त्याच्या दालनात, आणि राजाला बोलायला जागा ठेवून. तुमचं कुणाशी काही असेल तर त्याच्या घरी जा.

दुसरी चूक अजून टोचते. सहा वर्षांच्या मुलाचा अंत्यविधी होता. मी तरुण होतो, काहीतरी सांगायला हवं म्हणून म्हणालो की ही देवाची इच्छा होती, त्यानं आपलं फूल तोडून नेलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी आजही शब्दांत सांगू शकत नाही. पुढं अशा अंत्यविधीला मी फक्त तेवढाच पाठ वाचायला लागलो, जिथं आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडतो. चार-पाच मिनिटं बोलायचं, मुलाचं नाव घेऊन बोलायचं, मरणाला शत्रू म्हणायचं, कारण पौलानं त्याला शत्रूच म्हटलंय, आणि पुनरुत्थानाची आशा सांगून थांबायचं. कारण सांगायचं नाही.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. जुन्या दगडी चर्चमध्ये आवाज घुमतो, म्हणून वाक्य लहान ठेवा आणि वाक्याच्या शेवटी आवाज पाडू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तेच ऐकू गेलं नाही तर वाक्याचा अर्थ हरवतो. सगळा उपदेश लिहून काढा, पण शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये उभं राहून मोठ्यानं म्हणा. जीभ जिथं अडते ते वाक्य पुस्तकी आहे, तिथंच बदला. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ असू द्या, म्हणजे त्या दोन्ही वेळी तुमचे डोळे कागदावर नसतील. शनिवारी रात्री मात्र झोपा. जागरणानं आवाज बसतो आणि माणूस चिडका होतो, आणि मंडळीला ते पहिल्या प्रार्थनेतच कळतं.

उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचवा उद्गार, 'मला तहान लागली आहे', तुम्हाला दिलाय असं लिहिलंय. दहा-बारा मिनिटांच्या वर जाऊ नका, तुमच्या आधी चार जण बोललेले असतील, बाहेर एप्रिलचं ऊन असेल. टँकरच्या गावात तुम्ही आहात. एवढं डोक्यात ठेवून उतारा वाचा.

आणि पुढच्या महिन्यात योहान ५ आहे, बेथेस्दाचं तळं, जिथं पाणी हललं की आधी उतरेल तो बरा होतो असं लोक मानत. त्यावर तुम्ही मला मुद्दे मागितलेत. मुद्दे देत नाही. तुमच्या मंडळीत कुणीतरी वर्षानुवर्षं अंथरुणावर असेल, असतंच. या आठवड्यात त्यांच्या घरी जा, घाई नसलेल्या वेळी, बायबल पिशवीत ठेवा आणि आधी चहा घ्या. त्यांना कोण उठवतं, कोण कूस बदलून देतं, दिवसभर कोण घरात असतं, ते विचारा. मग घरी येऊन वाचा: अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू विचारतो, बरं व्हायची इच्छा आहे का, आणि तो हो किंवा नाही म्हणतच नाही. तो म्हणतो, मला तळ्यात सोडायला कुणी माणूस नाही. त्या उत्तराशी दोन दिवस बसा. 'बाज उचल आणि चाल' या येशूच्या आज्ञेकडे जायची घाई करू नका. गुरुवारपर्यंत तुमचं एक वाक्य तयार झालं की मला पाठवा, रात्री उशीर झाला तरी चालेल, मी वाट बघतो.